पहिला लॉट घ्यायचा नसतो

चेअरमनची आणि माझी पहिली भेट सुरू झाली तेव्हा मी तरुण होतो. संपली तेव्हा मध्यमवयीन. मधल्या काळात मी हेडलाइटचा एक बल्ब विकत घेतला आणि तो तिथेच विसरून आलो.

सकाळी अकराच्या सुमाराला मी त्या स्पेअर पार्टच्या दुकानात शिरलो होतो. पाच मिनिटांचं काम, असं घरी सांगून निघालो होतो. काउंटरमागे एक जाड भिंगांचे गृहस्थ बसले होते. त्यांच्या मागे छतापर्यंत खोकीच खोकी.

"गाडी कोणती?" त्यांनी विचारलं.

मी नाव सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, काउंटरवर ठेवला आणि मान खाली घातली. फॅन बेल्ट न्यायला आलेल्या एका मेकॅनिकनं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. कोणीतरी गेलं असावं म्हणून मीही उभ्या उभ्या हात जोडले.

"कधी घेतलीत?" बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं.

"मागच्या वर्षी."

"कोणाला न विचारता?"

"बायकोला विचारलं होतं."

"त्यांना दोष देऊ नका," ते म्हणाले. "त्या माउलीला काय ठाऊक, की हिचं पुढचं अंग एका मॉडेलचं, मागचं अंग दुसऱ्या मॉडेलचं आणि नशीब तिसऱ्याचं आहे! गेल्या महिन्यात किती विकल्या गेल्या, माहितेय? चारशे बारा. त्यातल्या दोनशे तर कंपनीनं स्वतःच्या नोकरांनाच दिल्या असतील, बोनसऐवजी."

मग त्यांनी मला माझ्या गाडीचा समग्र इतिहास सांगितला. ती कोणत्या बोर्डरूममध्ये जन्मली, कोणाचा विरोध होता, तो विरोध करणारा शहाणा इंजिनियर आता कुठल्या कंपनीत आहे, तिथं तो कसा खूश नाही. दुपारी त्यांनी डबा उघडला, त्यातली अर्धी पोळी माझ्या हातावर ठेवली आणि सस्पेन्शनच्या प्रकरणाला हात घातला. दिवेलागणीला दुकानाचं शटर अर्धं खाली आलं तेव्हा ते नुकतेच गिअरबॉक्सपाशी पोचले होते. मी वाकून, शटरखालून बाहेर आलो. घरी गेल्यावर बायको म्हणाली, "बल्ब?" तेव्हा बल्ब आठवला. दुसऱ्या दिवशी तो आणायला गेलो, आणि मग पुढची चौदा वर्षं जातच राहिलो.

'चेअरमन' हे नाव त्यांना मेकॅनिक मंडळींनी दिलं होतं, आणि ते अगदी योग्य होतं. गाड्यांच्या कंपन्यांबद्दल हा माणूस कधी 'ते' म्हणून बोलला नाही. कायम 'आपण'. "या महिन्यात आपल्या तीन हजार गाड्या कमी गेल्या." "आपण त्या डिझेलच्या नादी लागायला नको होतं." "आपला डिझायनर सुट्टीवर होता की काय?" तिकडे कुठल्या तरी काचेच्या इमारतीत बसलेल्या खऱ्या चेअरमनना आपला असा एक जोडीदार आहे याचा पत्ता नव्हता. पत्ता असता तर त्यांनी नक्की राजीनामा दिला असता.

त्यांचं म्हणणं असं, की गाडीची खरी परीक्षा शोरूममध्ये होत नाही, स्पेअरच्या काउंटरवर होते. "विक्रीचा आकडा म्हणजे लग्नातली गर्दी हो. संसार कसा चाललाय ते मला इथं कळतं. वर्षात दोनदा ब्रेक पॅड न्यायला आला, की समजायचं, घरात कुरबुर आहे." डोळे मिटून त्यांच्या हातात एखादं बेअरिंग ठेवलं तरी ते कंपनी, मॉडेल आणि साल सांगत. एकदा एका मेकॅनिकनं गंमत म्हणून शिलाई मशीनचं बेअरिंग दिलं. चेअरमननी ते बोटांत फिरवलं आणि म्हणाले, "गाडीचं नाही. पण ज्याचं आहे त्याची मालकीण तेल घालत नाही."

दर महिन्याच्या एक तारखेला कंपन्या आपापल्या विक्रीचे आकडे जाहीर करत, आणि त्या संध्याकाळी चेअरमनच्या घरी, पुढच्या खोलीत, आमची बैठक भरे. सभासद चार. चेअरमन, मी, एक दंतवैद्य, आणि चित्रकलेचे एक निवृत्त मास्तर. मास्तर गाडी फक्त बाहेरून बघत. इंजिन हा विषय त्यांना असभ्य वाटे. दंतवैद्य प्रत्येक गाडीच्या पुढच्या जाळीकडे पाहून मत देत. "वरची रांग पुढे आलीय. तार लावायला हवी होती." एका महागड्या गाडीचं नवं मॉडेल पाहून ते म्हणाले होते, "ही कवळी आहे. आणि बसलेलीसुद्धा नाही."

कंपन्यांना आम्ही आमची नावं दिली होती. सर्वांत जास्त खपणारी ती थोरली. मोठं भांडवल घेऊन बाहेरून आलेली ती सवत. आणि तिसरी, जिच्या गाड्या उत्तम पण खप कायम रडतखडत, ती धाकटी. चेअरमनचा जीव धाकटीवर. दर एक तारखेला ते धाकटीचा आकडा शेवटी वाचत, आवाज उतरवून, नापास पोराचं प्रगतिपुस्तक वाचणाऱ्या बापासारखे. आणि वर म्हणत, "पुढच्या मॉडेलमध्ये बघा तुम्ही."

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी मला स्वतःला ओळख होऊन वर्ष लोटल्यावर कळली. एका संध्याकाळी माझी गाडी दुरुस्तीला होती, म्हणून मी चेअरमनना म्हटलं, "तुमच्या गाडीनं सोडता का घरी?"

"गाडी?" ते म्हणाले. "माझ्याकडे कुठंय?"

"मग दुकानाची व्हॅन घ्या."

"मला चालवता कुठं येते?"

मी आ वासून पाहत राहिलो. ते मात्र जराही ओशाळले नाहीत. "भाजी खारट झालीय हे कळायला स्वयंपाक यावा लागतो का?" असं म्हणून त्यांनी मला बसथांब्यापर्यंत पोचवलं.

गाडी येत होती ती वहिनींना, म्हणजे चेअरमनच्या बायकोला. नुसती येत नव्हती. ती त्यांची नोकरीच होती. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये त्या शिकवत. सकाळी सहापासून त्या शाळेच्या खिळखिळ्या गाडीत, शेजारच्या सीटवर, पायाखाली जादाचा ब्रेक आणि क्लच घेऊन बसलेल्या असायच्या. गावातली निम्मी माणसं त्यांच्या हाताखालून गेलेली. त्या ओरडत नसत. समोरून ट्रक येत असला तरी "आता आपण हळूच डावीकडे घेऊ या हं" असं म्हणत, जणू ताटात वाढताहेत. माझ्या मुलीला त्यांनीच शिकवलं. पहिल्या दिवशी तिनं गाडी थेट फुलांच्या कुंड्यांवर घातली, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "छान. आता रिव्हर्स शिकू."

त्यांची एक इच्छा होती आणि ती त्या हसत हसत सगळ्यांना सांगत. "भाऊजी, मला अशी एक गाडी हवी, जिच्यात मी चालवीन आणि शेजारी कोणी घाबरून बसलेलं नसेल." त्यांची बहीण एकशे नव्वद किलोमीटरवर, समुद्रकाठच्या गावात राहायची. लहानपणापासून ती वहिनींना घाबरट म्हणून चिडवायची; वहिनी शिकवतात यावर तिचा विश्वासच नव्हता. "शेजारी बसून सूचना देणं म्हणजे काय चालवणं?" म्हणायची. तर आपल्या गाडीनं, स्वतः चालवत, तिच्या दारात जायचं आणि हॉर्न वाजवायचा. बस्स. एवढंच.

पैशाची अडचण नव्हती. दोघं मिळवती, मूलबाळ नाही, गरजा बेताच्या. अडचण होती ती चेअरमनच्या ज्ञानाची.

लग्नानंतर तिसऱ्या वर्षी वहिनींनी पहिल्यांदा गाडीचं काढलं. चेअरमन म्हणाले, थांब, नवं इंजिन येतंय. नवं इंजिन आलं. तेव्हा म्हणाले, पहिला लॉट घ्यायचा नसतो. पहिला लॉट म्हणजे कच्चा. वर्षभरानं लॉट पिकला. तोवर धुराचे नियम बदलायची बातमी आली. नियम बदलले, तर कारखान्यात संप झाला. संपानंतरच्या गाड्यांचे स्क्रू रागारागानं पिळलेले असतात, असं त्यांचं मत. स्क्रू निवळले तोवर डिसेंबर आला. डिसेंबरात गाडी घेणारा माणूस त्यांच्या लेखी वेडा, कारण महिनाभरात ती कागदोपत्री एका वर्षानं म्हातारी होते. जानेवारीत मॉडेल बंद होणार अशी कुणकुण लागली. आणि शेवटचा लॉट म्हणजे शिळा. कच्चा आणि शिळा यांच्या मधोमध गाडी घेण्याचा एक शुभ क्षण असतो, असं हा माणूस छातीठोकपणे सांगे. तो क्षण त्यांनी माझ्यासाठी, दंतवैद्यांसाठी, दुकानात येणाऱ्या शेकडो गिऱ्हाइकांसाठी बिनचूक काढून दिला. स्वतःच्या घरासाठी मात्र त्यांना तो कधी पुरेसा शुभ वाटला नाही. बायकोच्या हातात द्यायची गाडी. तिच्यात उणं काही राहता कामा नये. यात प्रेमच होतं हो. आळस असता तर कोणीतरी चिमटा काढून उठवलं असतं.

मग धाकटीनं ती लहान गाडी काढली. कंपनीनं तिला बाथरूमच्या फरशीला देतात तसलं अक्षरं-आकड्यांचं नाव दिलं होतं. आम्ही तिला चिमणी म्हणायचो. गोल, बुटकी, काचा मोठ्या, आत बसलं की चहूकडचं दिसायचं. वहिनींनी ती शोरूममध्ये पाहिली, चालवून पाहिली, आणि उतरल्यावर दार लावताना तिच्या टपावर हात ठेवला. मास्तर मला हळूच म्हणाले, "ठरलं बरं का हे."

चेअरमननाही चिमणी मान्य होती. हे ऐतिहासिकच. त्यांनी पहिला लॉट जाऊ दिला, दुसरा जाऊ दिला, काउंटरवर वर्षभर तिच्या स्पेअरची वाट पाहिली. कोणी काही न्यायलाच येईना. "संसार सुखाचा आहे," ते गहिवरून म्हणाले. आणि नेमकं त्याच सुमाराला एका मासिकात छापून आलं, की चिमणीचा फेसलिफ्ट येतोय. नवे दिवे, हलकं स्टिअरिंग, मागचं दाखवणारा कॅमेरा.

त्या एक तारखेची बैठक मला लख्ख आठवते, आणि न आठवती तर बरं झालं असतं.

विषय एकच. आत्ता घ्यायची की थांबायचं. मास्तर म्हणाले, "आत्ताचे दिवे म्हणजे झोपेतून उठवलेल्या माणसाचे डोळे. थांबा." दंतवैद्य म्हणाले, "नवी जाळी सरळ आहे. थांबा." माझी पाळी आली. मला खरं म्हणजे काही मत नव्हतं. पण बैठकीत मत नसणं म्हणजे लग्नात चप्पल नसण्यासारखं. मी ऐटीत म्हणालो, "नवी आली की जुनीची किंमत कोसळणार. उद्या विकायची म्हटलं तर? थांबा."

वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. एरवी त्या आमच्या चर्चेत पडत नसत. दाराशी उभ्या राहून हसत. त्या दिवशी त्यांनी ट्रे ठेवला आणि म्हणाल्या, "अहो, मी एक म्हणू? आहे ती घेऊ या ना. आहे तशी."

"अगं, आठ महिन्यांचा प्रश्न आहे."

"यंदा घेऊ या," त्या म्हणाल्या. "मला ते झोपाळू दिवे चालतील."

"कॅमेरा नाही तिला!"

"मी मागे वळून बघत आले आहे इतकी वर्षं."

"स्टिअरिंग जड आहे. तुझे खांदे दुखतात. मी सांगतो ना."

आम्ही सगळे हसलो. का हसलो, कोण जाणे. चेअरमननी मतदान घेतलं. चार हात वर. वहिनींना हात वर करायला कोणी सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, "बरं. थांबू या." कप गोळा करताना कडेच्या कपाला त्यांचं कोपर लागलं आणि कप खाली पडून फुटला.

"अगं, लक्ष कुठंय?" चेअरमन म्हणाले आणि त्यांनी थोरलीचा आकडा वाचायला घेतला.

फेसलिफ्ट आठ महिन्यांत आला नाही. धाकटीचा खप पडला, तिनं तो पुढं ढकलला. तेरा महिन्यांनी आला. त्याचा पहिला लॉट अर्थातच घ्यायचा नव्हता. मग बुकिंग झालं. मग हव्या त्या रंगासाठी थांबणं झालं. वहिनींना राखी निळा हवा होता आणि कंपनीला सगळ्या जगाला पांढरा विकायचा होता. मधल्या काळात वहिनींनी शाळेची नोकरी सोडली. "कंटाळा आला," म्हणाल्या. चेअरमन खूश झाले. "आता हिच्या शेजारी घाबरणारं कोणी नाही," ते म्हणाले. वहिनी डोळ्यात रोज दोन वेळा थेंब घालायच्या. विचारलं तर "धूळ" म्हणायच्या. चेअरमननी त्यावरसुद्धा एकदा मला सांगितलं होतं, की चिमणीचा एअर फिल्टर उत्तम आहे, धुळीचा त्रासच जाईल.

दोन वर्षांनी, एका सोमवारी, चिमणी आली.

शोरूममध्ये आम्ही सगळे हजर होतो. मास्तरांनी नवा शर्ट घातला होता. विक्रेत्यानं पुठ्ठ्याची हातभर लांब किल्ली चेअरमनच्या हातात देऊन फोटो काढला. चेअरमन शेजारच्या सीटवर बसले, मांडीवर माहितीपुस्तक उघडून. त्यांचा चेहरा असा, की आता खरा चेअरमन आला असता तर त्याला त्यांनी मागच्या सीटवर बसवलं असतं.

वहिनी चालकाच्या जागी बसल्या. सीट पुढे घेतली. पाठ टेकवली. मधला आरसा लावला, मग बाजूचे दोन्ही. पट्टा लावला. हजारो जणांना ज्या क्रमानं शिकवलं त्याच क्रमानं. मग दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले.

आणि तशाच बसून राहिल्या.

"चल ना," चेअरमन म्हणाले. "किल्ली फिरव. आवाज ऐक इंजिनाचा. आपण आवाजावर फार काम केलंय."

वहिनींनी डावीकडच्या आरशाकडे पाहिलं. मान पूर्ण वळवून पाहिलं. मग उजवीकडे, तसंच. दंतवैद्य गाडीच्या उजव्या कोपऱ्याला, अगदी हातभर अंतरावर उभे होते. वहिनींनी विचारलं, "तिकडे कोणी आहे का?"

दंतवैद्य म्हणाले, "मी आहे, वहिनी."

त्यांनी पट्टा सोडला. किल्ली काढून चेअरमनच्या पुस्तकावर ठेवली आणि म्हणाल्या, "नाही जमणार हो. मी अशा विद्यार्थ्याला नसतं चालवू दिलं."

काचबिंदू. कडेकडेनं नजर जाते. समोरचं दिसत राहतं, बाजूचं पुसत पुसत येतं, आणि गेलेलं परत येत नाही. डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं, थेंब घाला, वेग कमी होईल; अजून वर्ष-दीड वर्ष गाडी चालवाल, पुढचं बघू. शाळेत एक दिवस कडेनं आलेला सायकलवाला त्यांना दिसला नाही. शिकणाऱ्या मुलीला दिसला. तिनंच ब्रेक दाबला. त्याच दुपारी वहिनींनी नोकरी सोडली.

हे सगळं त्यांनी शोरूमच्या काचेच्या खोलीत बसून, आम्हां सगळ्यांच्या देखत सांगितलं. जवळजवळ दिलगिरीच्या सुरात.

"सांगायचं नाहीस?" चेअरमन म्हणाले. "मला सांगायचं नाहीस?"

"सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी गाडी दारात असती," वहिनी म्हणाल्या. "मला माहीत नाही का? पण मग ती आजाऱ्याला आणलेल्या फळांसारखी झाली असती. मला गाडी हवी होती, अहो. औषध नको होतं. आणि वाटलं, होईल की यंदा."

विक्रेता आत आला आणि त्यानं सीट कव्हरबद्दल विचारलं. मास्तरांनी त्याला हाताला धरून बाहेर नेलं.

चिमणी त्या दिवशी मीच चालवत त्यांच्या घरी आणली. स्टिअरिंग खरंच हलकं होतं.

त्यानंतर पंधरा दिवसांनी चेअरमननी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. त्याच शाळेत. वय वर्षं सत्तावन्न. वहिनींच्या जागी आलेल्या मुलीनं मला नंतर सांगितलं, असा विद्यार्थी तिनं पाहिला नव्हता. क्लच प्लेट किती मिलीमीटरची, कोणी बनवली, किती हजार किलोमीटरला झिजते हे सगळं सांगतील. पण ती सोडायची कधी हे पायाला कळेना. गाडी गचका खाऊन बंद पडायची, की ते तिलाच समजावून सांगायचे, का बंद पडली ते. परीक्षेत तीनदा नापास झाले. तिसऱ्या वेळी परीक्षक त्यांच्या दुकानाचंच गिऱ्हाईक निघाला. तो म्हणाला, "चेअरमन, मी करून टाकतो पास." यांनी मान हलवली. "नको. रस्त्यावर बाकीची माणसं असतात."

एकदा काउंटरवर, गिऱ्हाईक नसताना, एक ऑइल सील बोटात फिरवत ते मला म्हणाले, "ती गाडी मागत होती. मी मॉडेल दाखवत बसलो."

मी म्हणालो, "हात तर आम्हीही वर केले होते."

"तुम्ही पाहुणे होतात," ते म्हणाले.

हे वाक्य त्यांनी मला दिलासा द्यायला म्हटलं होतं. मला ते अजून बोचतं.

पावसाळा सरल्यावर मी म्हटलं, चला, बहिणीकडे जाऊ. मी चालवतो. वहिनी माझ्या शेजारी, चेअरमन मागे. सबंध एकशे नव्वद किलोमीटर वहिनींचा पाय अधूनमधून पुढे दाबला जात होता. तिथं ब्रेक नव्हता. "आरसा, भाऊजी," त्या म्हणायच्या. "आता हळूच मधे घेऊ या हं." मी इतकी नीट गाडी आयुष्यात चालवली नाही. वाटेत एक भलंमोठं मोकळं मैदान लागलं, चिटपाखरू नाही. मी गाडी थांबवली. "वहिनी, बसा इकडे. एक चक्कर. कोणी नाहीये."

त्यांनी मैदानाच्या दिशेनं पाहिलं. बराच वेळ.

"कोणी नाही हे तुम्हाला दिसतंय," त्या म्हणाल्या. "चला, उशीर होईल."

तीन तासांच्या प्रवासात मागच्या सीटवरचे चेअरमन एकदाही 'आपण' म्हणाले नाहीत. शेजारून सवतीची कोरी गाडी गेली, जी रस्त्यावर अजून कोणी पाहिली नव्हती, तेव्हाही ते खिडकीतून दुसरीकडेच बघत होते.

बहिणीचं घर आलं. मी गाडी दारात लावली. वहिनींनी शेजारून हात लांब केला, स्टिअरिंगचा मध्य चाचपला आणि हॉर्न दाबला. चांगला लांबलचक. बहीण पदराला हात पुसत धावत बाहेर आली. "आली गं आली!" असं ओरडत ती सरळ चालकाच्या खिडकीशी गेली, हसत हसत आत वाकली, आणि तिथं मी होतो.

तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. ती माझ्याकडे बघत राहिली. मग पलीकडे वहिनींकडे. वहिनी म्हणाल्या, "घाबरट आहे ना मी. ड्रायव्हर घेऊन आले."

बहीणही हसली, तिला तो विनोद वाटला. मी डिकीतलं सामान काढायच्या निमित्तानं मागे गेलो. तिथं चेअरमन आधीच उभे होते, डिकीच्या झाकणाआड, तिच्या बिजागरीकडे टक लावून. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ते म्हणाले, "ही बिजागरी जुन्या मॉडेलचीच आहे. काही बदललं नाही." आणि मग ते तिथंच डिकीच्या कडेवर बसले.

परतीच्या वाटेवर अंधार पडायच्या आत आम्ही घरी पोचलो. वहिनींनी उतरताना दाराची कड हातानं शोधली आणि मला म्हणाल्या, "शेवटच्या वळणावर क्लच जरा लवकर सोडलात. बाकी उत्तम." चेअरमननी त्यांचा हात धरून पायऱ्या चढवल्या. एक, दोन, तीन, असं मोजत. त्यांचं मोजणं पहिल्यांदाच कोणाच्या उपयोगी पडताना मी पाहिलं.

पुढच्या एक तारखेला आम्ही सवयीनं जमलो. दंतवैद्यांनी आकडे आणले होते. थोरली वाढली होती, सवत थोडी घसरली होती. आणि धाकटीनं गेल्या दहा वर्षांतला सर्वांत मोठा आकडा गाठला होता. सगळा चिमणीच्या जोरावर. फेसलिफ्ट लोकांना फार आवडला होता. दंतवैद्यांनी तो आकडा वाचला आणि कागद घडी करून खिशात घातला. चेअरमन वहिनींच्या डोळ्यात थेंब घालत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. "खाली बघ. हं. आता मिट," एवढंच म्हणाले. वहिनींनी मिटल्या डोळ्यांनी विचारलं, "किती गेल्या हो चिमण्या?" दंतवैद्यांनी सांगितलं. "बघा," त्या म्हणाल्या, "चांगलीच होती की नाही?"

त्यानंतर बैठक आपोआप बंद झाली. कोणी बंद केली नाही. दुकानात मी अजून जातो. चेअरमन काउंटरवर असतात, गाडीचं नाव विचारतात, खोकं काढतात, देतात. पाच मिनिटांत काम होतं.

चिमणी त्यांनी पुढच्या उन्हाळ्यात विकली. तोवर ती सहाशे चाळीस किलोमीटर चालली होती.